फिटेपर्यंत चहा नाही

आप्पांनी माझ्या जेवणाच्या डब्यात बोट घातलं, ती आमची पहिली ओळख.

शहाद्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. मॅट्रिक होऊन नंदुरबारला घरी बसून होतो, तिथून उचलून वडिलांनी मला इथे आणून सोडलं. जेवण खानावळीचं. पहिल्या दिवशी दुपारी वजनकाट्याजवळच्या कडुलिंबाखाली डबा उघडला, तर समोर बसलेल्या एका किडकिडीत माणसानं एक शब्द न बोलता माझ्या वांग्याच्या भाजीत तर्जनी पार तळापर्यंत घातली, बाहेर काढली, उन्हात धरून निरखली आणि धोतराला पुसली.

"वर तेल दिखस," ते म्हणाले, "खाले नुसतं पानी शे. खानावळवाला तुले फसाडी ऱ्हायना."

भाजी टाकून द्यावी लागली. मला इतका राग आला की विचारू नका. पण संध्याकाळी मी खानावळ बदलली, हेही सांगितलं पाहिजे.

हे आप्पा म्हणजे आमच्या कारखान्याचे काट्यावरचे कारकून. दिवाळी झाली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि गाडी काट्यावर चढण्याआधी आप्पा तिच्यात हात घालायचे. हात म्हणजे खांद्यापर्यंत. वरचा कापूस पांढराशुभ्र, हातात धरला तर फुंकरीनं उडेल असा. पण वजन वाढावं म्हणून कोणी मधल्या थराला पाणी मारी, कोणी तळाशी दगड दडपी. आप्पांचा हात बाहेर आला की कापूस ओला की कोरडा ते कळे आणि त्याप्रमाणे वजनातून कटती लागे. यासाठी त्यांनी सदरेच वेगळे शिवून घेतले होते. डावी बाही मनगटापर्यंत, उजवी बाही मुळात नाहीच. शिंप्यानं न लावलेल्या बाहीचं कापड ठेवून घेतलं असेल या संशयावरून त्यांनी त्याच्या दुकानातल्या चिंध्या एकदा उपसल्या होत्या म्हणतात. कापड सापडलं, असंही म्हणतात.

हीच सवय त्यांनी बाकीच्या जगाला लावली. बाजारात टोपलीतली वरची वांगी ते घेत नसत, हात तळाशी. ज्वारीच्या पोत्यात हात. एकदा एका भिक्षेकऱ्याच्या झोळीत हात घालून त्यांनी बिड्यांचं बंडल काढलं होतं आणि त्याला "आते सांग, भूक कसानी शे?" असं विचारलं होतं. लोक त्यांना टाळत. मीही टाळलं असतं, पण मला तशी मोकळीक नव्हती.

कारण पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. "तू काट्यावर बसायचं. आप्पा वजन सांगेल, तू लिहायचं. आणि डोळे उघडे ठेवायचे. माणूस गळ्यापर्यंत कर्जात आहे. कर्जातल्या माणसाच्या हाती काटा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या. काही दिसलं की मला सांगायचं."

मी शेजारी जाऊन बसलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन गाड्या झाल्यावर म्हणाले, "साहेबनी तुले मन्हावर नजर ठेवाले बसाडेल शे ना?"

मी वहीत डोकं घातलं.

"ठेव. पन नीट ठेव. आर्धी नजर ठेवशी तर मन्हं नुसकान शे. उद्या कोनी मन्हा नावना बोभाटा करा तर माले साक्षीदार लागी."

तेव्हापासून गाडीवाल्याशी बोलताना ते मला मुद्दाम हाक मारून जवळ बोलवत. जो हेर आपल्यावर लावलाय तोच आपला साक्षीदार करून टाकायचा, ही कल्पना मला तेव्हा फार संशयास्पद वाटली. इतका उघडा वागणारा माणूस आतून कसा असेल, याचा मी रात्रंदिवस विचार करू लागलो. संशय हा तसा संसर्गजन्य रोग आहे, आणि मला तो आप्पांच्या शेजारी बसूनच लागला.

आता चहाचं सांगतो.

चार वाजता समोरच्या हॉटेलातून किटली यायची. आप्पांनी चहा सोडला होता. पण चहाची वेळ त्यांनी सोडली नव्हती. किटली आली की ते हातातलं काम ठेवून आमच्यात येऊन बसत. माझा कप भरला की म्हणत, "जरा थांब." मग तो कप माझ्या हातातून घेऊन नाकाखाली धरत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि कप परत देत. "आलं नई टाकेल आज," किंवा "दूधमा पानी जास्ती शे," असा काहीतरी शेरा. मग उजव्या खिशातून चहाचे पैसे काढून डाव्या खिशात टाकत, मिशा पुसत आणि उठत.

"व्हई गया चहा."

उजवा खिसा त्यांचा, डावा खिसा शेठचा. शेठ म्हणजे बाजारपेठेतले कापडवाले, ज्यांचं आप्पा देणं लागत होते. डाव्या खिशातला पैसा आप्पा कशालाही काढत नसत. एकदा माझ्याकडे सुटे नव्हते म्हणून मी त्यांच्याकडे मागितले. "उजवामा नई शेत," ते म्हणाले. "डाव्या खिशात वाजताहेत की!" तर म्हणाले, "ते मन्हा नई शेत. शेठले इचारी ये."

एकदा मी न राहवून म्हटलं, "आप्पा, एका एका चहानं कुठं कर्ज फिटतं का?"

"चहाथीन कर्ज फिटस नई," ते म्हणाले. "पन चहा सोडा म्हनीसन रोज च्यार वाजता याद येस, की कर्ज शे. मानूस कर्ज फेडाले भुलस नई रे भाऊ. कर्ज शे, हाईच भुली जास."

मी चहा संपवला. पण मनात आलंच, की एवढं तत्त्वज्ञान सांगणारा माणूस काहीतरी लपवतो आहे.

पावसाळ्यात जिन बंद, पगार अर्धा. तेव्हा आप्पा एस.टी. स्टँडच्या शेडखाली छत्र्या दुरुस्त करत. छत्री झाली की गिऱ्हाइकाला ती उघडून डोक्यावर धरायला लावत आणि तांब्याभर पाणी वरून ओतत. "देखी ले, गयस का? उद्या म्हनशी, आप्पानी फसाडं." गिऱ्हाईक बिचारं घाईत. गाडी लागलेली, कंडक्टर घंटी मारतोय, आणि हा माणूस त्याच्यावर पाणी ओततोय. पण छत्री गळत नसे.

हप्ता देण्याची त्यांची पद्धत तर साऱ्या शहाद्याला ठाऊक होती. महिन्यातल्या एका आठवडी बाजाराला, ऐन गर्दीत, ते शेठच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहत आणि खड्या आवाजात सांगत, "शेठ, हाऊ या महिनाना हप्ता! देखा हो सम्दा, मी दी ऱ्हायनू, शेठ ली ऱ्हायना!"

मिरच्या घेणाऱ्या बाया, खेड्यांवरून आलेले गडी, बैलांच्या घुंगरमाळा विकणारा, सगळे वळून पाहत. शेठ कानकोंडे होत. "आप्पा, हळू बोला ना. मी काय चोर शे?"

"चोर नई म्हनीसन तर देस. पन मानूसनी याद कच्ची ऱ्हास, शेठ. तुम्हनी बी, मन्ही बी. बजारनी याद पक्की शे."

आणि खरंच, बाजाराची याद पक्की होती. एखाद्या महिन्याला आप्पांना उशीर झाला तर कांदेवाली बाई माझ्याजवळ चौकशी करी, "कारे भाऊ, आप्पाना हप्ता उना नई? कोठे गडबड शे का?" मला वाटायचं हा शेठवरचा अविश्वास आहे. पुढं कळलं, त्यात निम्मा अविश्वास त्यांचा स्वतःवर होता. इतक्या लोकांना साक्षी ठेवल्यावर हप्ता चुकवायचा म्हणजे साऱ्या बाजारातून तोंड लपवून जावं लागलं असतं. ती सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

पण लोकांचं तोंड काही यानं बंद झालं नाही. आप्पा एकटे राहत. बायको माहेरी, धानोऱ्याला, नंदुरबारच्या पुढं. का, ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येकाला माहीत होतं. कोणी म्हणे, आप्पानं हात उचलला. कोणी म्हणे, बाईनंच पैसा माहेरी नेला. आमचे मॅनेजरसाहेब म्हणत, कर्जबिर्ज सगळं नाटक आहे, काट्यावर खाल्लेला पैसा धानोऱ्याच्या घरात पुरलाय आणि बाई त्यावर बसली आहे. मला हे शेवटचं सर्वात पटायचं. कारण त्यात सगळं बसत होतं: एका बाहीचा सदरा, वास घेतलेला चहा, दूर ठेवलेली बायको.

मग तो बागाईतदाराचा प्रसंग घडला.

तापीकाठचा मोठा माणूस, त्याच्या एकापाठोपाठ एक गाड्या आलेल्या. तो स्वतः घोडीवरून उतरून काट्याशी आला. आप्पांनी पहिल्या गाडीत हात घातला, तसा त्यानं जवळ जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मला वाटलं, आज सापडलं! मी वही उचलून पुढं सरकलो. पण आप्पांनीच नेहमीसारखी हाक मारली.

"ये रे भाऊ, आठे ये. हाई काय सांगी ऱ्हायनात ते तू बी आयक. सांगा पाटील, परत सांगा."

पाटील हसले. माझ्यासारख्या पोराची त्यांना काय भीती? म्हणाले, "कसानं काय? मी इतलंच बोलनू, की शेठनं जे काही बाकी शे ते मी आज भरी देस. तुम्ही फक्त हात कोपरलगून घाला. खांदालगून कसाले तरास लेतस?"

आप्पांचा हात गाडीत होता. शेठचं देणं तेव्हा थोडंच उरलं होतं, सुगी नीट गेली तर त्याच साली फिटलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि खरं सांगतो, हा माणूस आता हात कोपरापर्यंत मागं घेणार अशी माझी खात्री होती. त्यांनी हात आणखी आत दाबला. गाल कापसाला टेकला. मग हात बाहेर काढून माझ्यापुढं धरला. दंडावर पाण्याचे ओघळ होते.

"लिही रे. कोपरलगून कोरडा, खांदालगून वला. मोठी कटती."

पाटलांनी त्याच संध्याकाळी मॅनेजरसाहेबांच्या घरी जाऊन सांगितलं की आप्पानं त्यांच्याकडे पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून कटती लावली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं. मी जे ऐकलं ते सांगितलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. "तू रोज चार वाजता त्याच्याबरोबर बसतोस ना?" म्हणाले. "तुझ्या कपातला वास घेतो ना तो? म्हणजे तूही त्यातलाच." ज्याला हेर म्हणून लावलं त्याच्यावरही विश्वास नाही! मग लावायचा कशाला?

आप्पांना काट्यावरून काढून सरकीच्या गोदामात टाकलं. पगार कमी, आणि सुगीतली जादा कामाची कमाई गेली. फिटत आलेलं कर्ज पुन्हा लांब गेलं.

त्या दिवसांत एकदा मी त्यांना हॉटेलात बसलेलं पाहिलं. एकटेच. समोर भरलेला कप, त्यांनी स्वतः मागवलेला. मी गुपचूप समोर जाऊन बसलो. कपावर साय धरली होती.

"तीन सालपाईन सोडेल शे," ते म्हणाले. "आज म्हनं, जावू दे. कोनासाठे करी ऱ्हायनू मी? सम्दास्ले माहीत शे की मी चोर शे. मंग चोरनी चहा पेवामा काय वाईट?"

"मग प्या की," मी म्हटलं.

"पेऊ तर तिले काय सांगसू?"

आणि मग, ज्याबद्दल सारं गाव बोलत होतं ते त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावानं, ऑइल इंजिन घेतलं होतं. नदीचं पाणी उपसून शेतांना द्यायचं आणि भाडं घ्यायचं, असा धंदा. पैसा शेठचा, जामीन आप्पा. वर्षभरात मेहुण्यानं इंजिन विकलं आणि तो सुरतेकडे पसार झाला. शेठ आप्पांच्या दारात आले. आयुष्यात आप्पांनी एकाच गाडीत हात न घालता वजन लिहिलं होतं, आणि तीच गाडी तळापर्यंत दगडांनी भरलेली निघाली.

"शेठ गया आन मी बठनू," आप्पा म्हणाले. "तिनी चहा करी दिधा. मी कप हातमा लिधा आन इचारं, तुले माहीत व्हतं का? बस, इतलंच."

"मग?"

"काहीच नई बोलनी. मन्हा हातमाईन कप लिधा, चूलमा वती दिधा. दुसरा दिन धानोराले चालनी गई. जाता जाता बोलनी, 'भाऊनं कर्ज फिटी जाई. तुम्ही इचारं, ते कसं फिटी?'"

आणि मग मी तेच विचारलं, जे कोणीही विचारलं असतं. "पण काकूंना माहीत होतं का?"

"माले काय माहीत," आप्पा म्हणाले.

ज्यांनी भिकाऱ्याच्या झोळीचाही तळ गाठला, त्यांना ही एक गोष्ट माहीत नव्हती. कोर्टात जा, मेहुण्याचं देणं तुमच्या गळ्यात का, असं वकिलानं सांगितलं होतं. सासऱ्याचं शेत होतं, त्यावर बोजा चढवता आला असता. आप्पांनी यातलं काही केलं नाही. "सही मन्ही शे," म्हणाले. "आन तिना भाऊना नावनं कोनाकडे एक पैसा बाकी ऱ्हायना, तर ते बोट तिनाकडेच जाई." मला त्या माणसाची त्या क्षणी फार माया वाटली. एवढं मोठं प्रेम आणि एवढा मोठा संशय एकाच माणसाच्या पोटात शेजारी शेजारी कसा राहतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

ते उठले. पैसे टेबलावर ठेवले. साय धरलेला कप तसाच राहिला. हॉटेलवाल्याला वाटलं चहात काही पडलं, त्यानं येऊन कपात बोट घालून पाहिलं.

काट्यावर त्यांच्या जागी साहेबांनी आपल्या नात्यातला एक माणूस बसवला होता. तो हात कोपरापर्यंतसुद्धा घालत नसे. त्याला कापसानं अंग खाजे. एक दिवस कापसाबरोबर दगड यंत्रात गेला, ठिणगी उडाली आणि कापसानं पेट घेतला. आम्ही सगळे बादल्या घेऊन धावलो. आप्पा गोदामातून ओली पोती ओढत आले. आग विझली, पण भिंत काळी झाली आणि साहेबांचं तोंडही. आठवड्याच्या आत आप्पा काट्यावर परत. साहेबांनी चूक कबूल केली असं कोणी समजू नये. मला आत बोलावून म्हणाले, "त्याला परत घेतलाय. तू नजर ठेव. ती आग कशी लागली कोण जाणे."

पुढच्या सुगीत कर्ज फिटलं. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्याच्या आगेमागेची गोष्ट. शेवटचा हप्ता आप्पांनी भर बाजारात दिला आणि कागद हातात घेतला. तो त्यांनी उन्हात धरला, सहीवर अंगठा घासला, मला वाचायला लावला, कांदेवालीला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बरोबर आहे म्हणून सांगितलं. शेठ खूश होते. त्यांचं दर महिन्याचं लाजणं संपलं होतं.

"आप्पा, आते तरी चहा पेवा. मन्हाकडना!"

"नई शेठ. पयला चहा कोना हातना पेवाना, ते ठरेल शे."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन धानोऱ्याला निघाले. साक्षीदार म्हणून. अंगात नवा सदरा, दोन बाह्यांचा. नंदुरबारपर्यंत एस.टी., पुढं एका ओळखीच्याची बैलगाडी. वाटेत आप्पा दर थोड्या वेळानं खिशातला कागद चाचपत होते. मला आठवत होतं ते मॅनेजरसाहेबांचं बोलणं. पुरलेलं धन आज दिसणार, असा एक कोपरा माझ्याही मनात अजून होताच.

घर दोन खणांचं, शेणानं सारवलेलं. म्हातारे सासरे शेतावर गेले होते. काकू दारातच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि आम्हाला पाणी आणून दिलं. आप्पांनी कागद पुढं केला.

"फिटी गयं."

काकूंनी कागद घेतला नाही. "बठा," म्हणाल्या, "चहा करस."

चूल पेटली. पाणी ठेवलं. काकूंनी फडताळातला डबा काढला, हलवला, परत ठेवला. साखर संपली होती. तेव्हा साखर रेशनवर, मिळेल तेव्हा मिळेल अशी. त्या वाटी घेऊन परसातून शेजारणीकडे गेल्या आणि साखर घेऊन आल्या. आप्पांनी हे सगळं पाहिलं. चहाचा कप त्यांच्या हातात आला, वाफ मिशांना लागली, आणि हात थांबला.

"साखर कोनी शे?"

"शेजारनी. उसनी आनी."

इतकी वर्षं ज्या कपाची वाट पाहिली, त्या पहिल्याच कपात उसनी साखर! आता हा माणूस उठणार, कप खाली ठेवणार, असंच मला वाटलं.

"परत कधय देवानी?" आप्पांनी विचारलं.

"रेशन ई तधय. वाटी भरीसन देसू. ती मांगस नई, मी भुलस नई." काकू चुलीपाशीच बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. मग त्या वळल्या. "तुम्ही माले एक इचारेल व्हतं. मी जबाब दिधा नई. आते इचारा. आते देस."

त्या घरात जमिनीखाली नव्हे, त्या एका उत्तरात सगळं पुरलेलं होतं. विचारा, आप्पा, मी मनात म्हणत होतो, विचारा! मलाही हवं होतं ते उत्तर.

आप्पांनी कपाकडे पाहिलं. चुलीकडे पाहिलं. मग बशीत ओतून, फुर्र करत, सगळा चहा पिऊन टाकला.

"साखर बरोबर शे," ते म्हणाले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आप्पा म्हणाले, "चाल मंग घरले." तर काकू म्हणाल्या, "अशी कशी ईसू? वाटीभर साखर देवानी शे मन्हाकडथीन. ती फिटाले पाहिजे ना पयले. तुम्हीच तर शिकाडं."

आप्पा असे हसले, की मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. "मंग मी बी आठेच थांबस," ते म्हणाले.

मी संध्याकाळच्या गाडीनं एकटा परतलो. रेशन यायला आठवडा लागला. इकडे साहेबांनी मला रोज बोलावून विचारलं, "आप्पा कुठंय? कर्ज फिटताच पळाला ना? मी म्हणत नव्हतो?" मी म्हटलं, "नाही साहेब, साखर फेडायला थांबलेत." साहेबांना वाटलं मी त्यांची थट्टा करतो आहे. त्या महिन्यात माझा एका दिवसाचा पगार कापला गेला.

आठवड्यानं एस.टी.तून दोघं उतरली. काकूंच्या डोक्यावर ट्रंक, आप्पांच्या हातात पितळी डबा. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता आप्पांचा चहा घरून येऊ लागला, आणि माझ्या कपाची त्या वासातून सुटका झाली.

पण माझ्या मनातला किडा काही गेला नाही. पुढच्या दिवाळीत गाड्यांची रांग लागलेली असताना, आप्पांचा उघडा हात एका गाडीत खांद्यापर्यंत घुसलेला पाहून, मी हळूच विचारलं, "आप्पा, मग काकूंना नंतर विचारलंत का? माहीत होतं का त्यांना?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात तसाच कापसात.

"ती काय कापूसनी गाडी शे?" ते म्हणाले, आणि हात बाहेर काढून पुढच्या गाडीकडे गेले.